उतरणीच्या धड्यातले हरवलेले घर्षण

‘घर्षण नगण्य मानू’ असे म्हणून उतरणीचा धडा पुढे जातो. गणित सुटते, उतरण मात्र समजत नाही. ब्रुनेल यांचे ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाज लंडनला उतरणीवरून आडवे थेम्समध्ये सोडायचे होते. वजन सुमारे १२,००० टन, उतार १२ ला १. म्हणजे खाली ओढणारे बल सुमारे १,००० टनभाराचे. तरीही लोखंडी रुळांवर लोखंडी पट्ट्या अडल्या. ३ नोव्हेंबर १८५७ ला सुरू झालेले जलावतरण हायड्रॉलिक जॅकने ढकलत ढकलत ३१ जानेवारी १८५८ ला संपले. मग घर्षण नगण्य कसे?

वर्गात फळीवर ठोकळा ठेवा, फळी हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागताच उंचीला पायाने भागा: तोच घर्षणांक. नंतर फळीला साबण लावून पुन्हा मोजा.