रसायनशास्त्राच्या भावी शिक्षकाची पदवी-स्तरावरील पूर्वतयारी : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षकासाठी बी.एस्सी. व बी.एड. या दोन पदव्या आवश्यक मानल्या जातात. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवावयाचे असल्यास एम.एस्सी.ची भर पडते. बीड जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो व येथील महाविद्यालयांतही हीच रचना आहे. पहिल्या पदवीकडे रसायनशास्त्र आणि दुसरीकडे अध्यापनशास्त्र, अशी ही विभागणी होय. 'रसायनशास्त्राचे अध्यापन' मात्र दोहोंपैकी कोणाच्याच वाट्याला पुरेसे आलेले नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दोन पदव्यांमधील दरी :
विषय जाणणे आणि अध्यापनाची सर्वसाधारण तंत्रे जाणणे यांखेरीज शिक्षकाला तिसऱ्या प्रकारचे ज्ञान लागते, असे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडले. विशिष्ट घटक विद्यार्थ्याला नेमका कोठे अडवतो आणि कोणत्या उदाहरणाने सुटतो, हे ते ज्ञान होय. रसायनशास्त्रापुरते त्याचे स्वरूप ए. एच. जॉनस्टन यांनी १९९१ मध्ये स्पष्ट केले. मॅग्नेशियमची फीत जळताना दिसणे, त्यामागील अणूंची पुनर्रचना आणि फळ्यावरील समीकरण हे तीन भिन्न स्तर आहेत. जाणकार या स्तरांवर सहज ये-जा करतो. नववीचा विद्यार्थी मात्र समीकरण संतुलित करणे हे केवळ आकड्यांचे गणित समजतो.

बी.एस्सी.चा विद्यार्थी पुंज रसायनापर्यंत पोहोचतो, परंतु एका स्तरावरून दुसऱ्या स्तरावर मुलाला कसे न्यावे, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. बी.एड.मध्ये सूक्ष्म अध्यापन, पाठ टाचण व सराव पाठ असतात. तेथे प्रश्नकौशल्य व फलकलेखन यांचे निरीक्षण होते. परंतु निरीक्षक अन्य विषयाचा असल्यास संकल्पनेतील चूक नजरेतून सुटण्याचा संभव राहतो.

भाषेचा प्रश्न :
बी.एस्सी.चे रसायनशास्त्र इंग्रजीतून शिकलेला पदवीधर मराठी माध्यमाच्या शाळेत जातो. संयुजा, क्षपण, आम्लारी हे शब्द तो दहावीनंतर थेट शिक्षक झाल्यावरच पुन्हा उच्चारतो. परिभाषेपेक्षाही रोजच्या बोलीतील गुंता अधिक सूक्ष्म आहे. आपल्याकडे 'बर्फ विरघळला' असे सर्रास म्हटले जाते आणि 'साखर विरघळली' असेही. विज्ञानाच्या दृष्टीने बर्फ वितळतो, साखर विरघळते. एकाच क्रियापदामुळे दोन्ही प्रक्रिया एकच असल्याचा समज मुलाच्या मनात घट्ट होतो. या ठिकाणी थांबावयास हवे, हे भावी शिक्षकाला कोणत्याही प्रश्नपत्रिकेने शिकविलेले नसते.

बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात असताना, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने विज्ञानही उर्दूतून शिकविले आणि त्यासाठी परिभाषा व ग्रंथानुवाद यांची स्वतंत्र यंत्रणा उभारली. माध्यम बदलावयाचे तर पूर्वतयारी लागते, ही जाणीव त्या प्रयत्नात होती. आज माध्यमबदलाचा सारा भार एकट्या शिक्षकावर टाकला जातो.

सुधारणांची चिकित्सा :
राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांन्वये २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले व वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता आली. कालावधी वाढला, विषय विभाग आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालय यांतील अंतर तसेच राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा पुरस्कार केला आहे. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत असा बी.एस्सी.बी.एड. अभ्यासक्रम फार पूर्वीपासून आहे आणि त्याच आवारात प्रात्यक्षिक शाळाही आहे. या शाळेचे महत्त्व ध्यानी न घेता केवळ दोन वेळापत्रके जोडली, तर 'एकात्मिक' हे विशेषण नावापुरतेच उरेल.

स्थानिक वास्तव :
ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास पालकांसोबत गाव सोडतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. रसायनशास्त्रात मागील पायरी चुकली की पुढील पायरी उभी राहत नाही. तुटलेला क्रम जोडून देण्याचे कौशल्य येथे शिक्षकाची प्राथमिक गरज आहे. साखर कारखान्यात उसाच्या आम्लधर्मी रसात चुना व सल्फर डायऑक्साइड मिसळून तो शुद्ध करतात. उदासिनीकरण व अवक्षेपण यांचे याहून जवळचे उदाहरण या मुलांना कोणते देता येईल? पण ते हेरण्याची सवय पदवीकाळातच लागावयास हवी.

निष्कर्ष :
पदवीच्या नव्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्पांना श्रेयांक आहेत. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो प्रकल्प जवळच्या माध्यमिक शाळेत करावा व मुलांच्या चुकांची नोंद ठेवावी. सराव पाठांच्या निरीक्षणास रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनाही निमंत्रित करावे. या दोन्ही गोष्टींना नवा निधी लागत नाही. वरिष्ठ महाविद्यालयातील आपणही सेटमधील अध्यापन अभिक्षमतेची एक प्रश्नपत्रिका वगळता कोणत्याही अध्यापन प्रशिक्षणाविना वर्गात उभे राहिलो आहोत. शाळेतील रसायनशास्त्र कच्चे राहते अशी तक्रार अकरावी-बारावीपासून पदवीपर्यंत सर्वत्र ऐकू येते; परंतु त्या शाळेत शिकविणारा शिक्षक आपल्याच प्रयोगशाळेतून गेलेला असतो, याचे विस्मरण होऊ नये.