दप्तर, दंतकथा आणि 'द्रिना नदीवरील पूल'

इव्हो आंद्रिच यांची 'द्रिना नदीवरील पूल' (१९४५) ही कादंबरी ऑटोमन अमलाखालील बोस्नियाचा इतिहास म्हणून वाचण्याची प्रथा रूढ आहे. विशेग्राद या कसब्याचा सोळाव्या शतकापासून १९१४ पर्यंतचा पट आणि बखरीच्या वळणाचे कथन यांमुळे या वाचनाला बळ मिळते. परंतु ऑटोमन महसुली दप्तरात गावे, करदाती कुटुंबे आणि अपेक्षित उत्पन्न यांच्या नोंदी असतात. भय, अफवा, लोकस्मृती यांना तेथे रकाना नसतो. आंद्रिच यांची कादंबरी प्रामुख्याने या अलिखित प्रदेशात वावरते.

ख्रिस्ती रयतेची मुले सुलतानाच्या चाकरीसाठी उचलून नेण्याच्या प्रथेतून मेहमेद पाशा सोकोलोविच वजीरपदाला पोहोचला. त्याने बांधविलेला, सिनान या वास्तुकाराचा पूल १५७७ मध्ये पूर्ण झाला. इतके इतिहासाचे. नदीपार नेल्या गेलेल्या मुलाच्या वेदनेतून पुलाची कल्पना जन्मली, हे मात्र कादंबरीचे. याउलट, हंगेरी हातची गेल्यावर तेथील वक्फ उत्पन्न आटते आणि पुलालगतची सराई मोडकळीस येते, त्या प्रकरणात आंद्रिच दप्तराच्या तर्काने लिहितात. दूरच्या सरहद्दीवरील पराभव कसब्याच्या छपरातून गळू लागतो; त्यासाठी कोणाच्याही द्वेषाची गरज पडत नाही.

हा दुसरा तर्क दुर्लक्षिला गेल्याची किंमत मोठी आहे. १९९२ मध्ये याच पुलावर बोस्नियाक नागरिकांच्या हत्या झाल्या. त्यानंतर काहींनी कादंबरीत सनातन वैराचा पुरावा शोधला, तर काहींनी तिच्यावर मुस्लिमद्वेषाचा ठपका ठेवला. दुसऱ्या आक्षेपाला आधार नाही असे नाही: ग्राझ येथे १९२४ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात आंद्रिच यांनी तुर्की राजवटीचा बोस्नियाच्या आत्मिक जीवनावरील प्रभाव सर्वस्वी नकारात्मक ठरविला होता. परंतु कादंबरी या निष्कर्षात मावत नाही. जी सत्ता मूल हिरावते तीच पूल देते, आणि त्या पुलावर सर्व धर्मांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र बसतात.

दोन्ही पक्ष निवेदकाच्या निवडीला दस्तऐवज समजतात. इतिहासाची साक्ष म्हणून ही कादंबरी उभी करण्यापूर्वी तिच्यातील कोणते वाक्य दप्तराचे, कोणते दंतकथेचे आणि कोणते निवेदकाचे, हे वेगळे करणे हे समीक्षेचे पहिले कर्तव्य ठरते.