बोटांचा जामीन

घडीचा चाकू विकत घेताना माणसं धारेवर अंगठा फिरवतात, मूठ तळहातावर तोलतात आणि घासाघीस करून चाकू खिशात टाकतात. खटका कोणी पाहत नाही. वास्तविक धार गेली तर धार लावून देणारे पुष्कळ आहेत. बोट गेलं तर तशी सोय नाही. काम चालू असताना उघडं पातं बोटांवर मिटणार नाही, ही हमी खटका देतो. थोडक्यात, खटका हा बोटांचा जामीन. आणि जामीनदारांचे नमुने किती असतात, हे तुम्हांला काय सांगायचं?

पहिला नमुना खिशातल्या छोट्या स्विस चाकूचा. कार्ल एल्सेनरने १८९७ साली नोंदवलेल्या चाकूचा हा वंशज. याला खटका नाहीच! पाठीतली पोलादी कमान पात्याला दाबून धरते, एवढंच. पाठीवर उलटा दाब आला की पातं मिटलंच. म्हणजे हा ‘बघतो, प्रयत्न करतो’ म्हणणारा मामा. पण मामा सही करत नाही, म्हणून फसवतही नाही.

दुसरा अमेरिकेतला. १९६४ साली आलेल्या बक ११० या चाकूने त्याला नाव मिळवून दिलं. मुठीच्या पाठीतल्या दांड्याचा आकडा पात्याच्या टाचेवरल्या खाचेत खट्‌कन बसतो. गडी दणकट, यात शंका नाही. मात्र खाचेत खिशातला कचरा आणि संत्र्याचा वाळलेला रस साचला, की आकडा अर्धवट बसतो आणि आपण मात्र पूर्ण निर्धास्त!

तिसरा लायनर लॉक. मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८० च्या दशकात त्याला आजचं रूप दिलं. मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून टाचेमागे उभी राहते. एका हाताने मिटतो म्हणून लोकांचा लाडका. पण सगळी मदार पट्टी आणि टाच जिथे टेकतात तिथल्या कलावर. स्वस्तातल्या चाकूत तो कल चुकला, की पात्याच्या पाठीवर जरा ठोकताच पट्टी जागा सोडते. ख्रिस रीव्हने १९९० च्या सुमारास पट्टीऐवजी मुठीची जाड भिंतच या कामाला लावली. मूठ आवळाल तशी ती आतच दाबली जाते. जामीन उत्तम, फक्त चाकूची किंमत ऐकून आपल्यालाच कर्ज काढावं लागतं.

चौथा फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला ओपिनेल. चाकू १८९० चा. १९५५ साली मार्सेल ओपिनेलने त्याच्या लाकडी मुठीच्या गळ्यात फिरती पोलादी कडी घातली. कडीची फट समोर असली तर पातं मिटतं. कडी फिरवली की वाट बंद. दोष दोन. कडी दर वेळी आठवणीने फिरवावी लागते, आणि मूठ पाण्याने फुगली की पातं उघडताना नखं पणाला लागतात.

तरी माझा पहिला नंबर कडीला. ताकद वेगळी, भरवसा वेगळा. पात्याला वजनं टांगून खटक्याची ताकद मोजता येते. पण पेरू कापताना पात्याला कोणी पोतं टांगत नाही. घरात बोट कापतं ते बहुधा खटका मोडल्याने नव्हे, तो नीट न बसल्याने. कडी लागली की नाही, हे डोळ्यांना दिसतं. बाकीच्यांच्या पोटात काय आहे, ते टाचेलाच ठाऊक.

मामालाही मी नापास करणार नाही. खटका नाही हे माहीत असलेला माणूस पात्याच्या वाटेत बोट ठेवत नाही. खटक्यावर विसंबलेला मात्र फणसात पातं खुपसून खुशाल पिळतो. जामीन कितीही भला असो, कर्ज बेतानेच काढावं.