‘लाचार’ आणि ‘बिचारा’ : एका चाऱ्याची दोन रूपे

फारसीत ‘चारा’ म्हणजे उपाय. त्याला अभावदर्शक ‘बे’ लागून ‘बेचारा’ झाला. मराठीत तो ‘बिचारा’ म्हणून रुळला. त्याच चाऱ्याला अरबीतला नकारार्थी ‘ला’ लागून ‘लाचार’ बनला. गुरांचा चारा वेगळा, तो ‘चरणे’पासूनचा. ‘दुसरा चारा नव्हता’ असे आपण म्हणतो, तिथे मात्र हा फारसी चारा अजून जिवंत आहे.

व्युत्पत्तीने दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : ज्याला उपाय उरलेला नाही, तो. तरीही मराठीने बिचाऱ्याला कणव दिली आणि लाचाराला तिरस्कार. हिंदीत ‘मैं लाचार था’ असे स्वतःला कमीपणा न आणता म्हणता येते. मराठी माणूस स्वतःबद्दल सहसा ‘माझा नाइलाज होता’ असेच म्हणेल. गंमत अशी, की ‘नाइलाज’ची घडण नेमकी उलटी आहे : नकार फारसी, ‘इलाज’ अरबी. अर्थ पुन्हा तोच.

हा भेद व्याकरणातही उतरला आहे. ‘नाइलाज’ हे नाम. तो होतो आणि प्रसंग सरला की संपतो. ‘लाचार’ हे विशेषण. ते माणसालाच चिकटते. शिवाय आपण ‘लाचारी पत्करली’ असे म्हणतो. पत्करण्यात निवड गृहीत असते. पण निवड होती, तर चारा नव्हता असे कसे म्हणायचे?

कर्जाच्या मुदतीसाठी खेटे घालणारा शेतकरी घरी सुन्न बसला, तर ‘बिचारा’. सावकाराच्या दारात हात जोडून उभा राहिला, तर ‘लाचार’. परिस्थिती तीच, बदलली ती फक्त उभे राहण्याची तऱ्हा. म्हणजे हा शब्द दुर्बलतेचे वर्णन करत नाही. वाकलेल्या पाठीवर निकाल देतो.

हाती सर्व काही असून सत्तेपुढे झुकणाऱ्यांसाठी हा निकाल योग्यच आहे, मग मूळ अर्थ उलटला तरी चालेल. ज्याच्यापुढच्या वाटा खरोखरच बंद झाल्या, त्याच्यासाठी मराठीत ‘हतबल’ आहे. त्यातल्या ‘हत’चा अर्थ मारलेले, नष्ट केलेले. हा शब्द उच्चारला, की हे बळ कोणी मारले, असा प्रश्न निदान विचारता येतो. ‘लाचार’ म्हटले, की तो प्रश्नच मिटतो.