गृहपाठातली ‘मदत’ मोजायची कशी?

पालकांनी गृहपाठात मदत केली तर मुलं पुढं जातात का? या विषयावर एरिका पॅटॉल, हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांचा २००८ चा मेटा-अ‍ॅनालिसिस वाचावाच लागतो. त्यातल्या सहसंबंधाच्या अभ्यासांत प्राथमिक आणि हायस्कूलच्या वयात संबंध धन निघाला, मधल्या वयात ऋण. भाषेत धन, गणितात ऋण.

म्हणजे गणितात पालकांनी हात घालूच नये? थांबा. गणितात मागं पडलेल्या पोरालाच घरी जास्त वेळ बसवलं जातं. मग मदतीमुळं मार्क घटले, की मार्क कमी म्हणून मदत वाढली? नुसत्या सहसंबंधातून हे ठरत नाही.

माझा मोठा आक्षेप ‘मदत’ या चलावरच आहे. भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात अशी प्रश्नावली नेऊन बघा. हा खव्याचा पट्टा, संध्याकाळ म्हणजे धार काढायची वेळ. धाराशिव-बीडकडची कित्येक जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पोरं आजीजवळ राहतात. आजीला वाचता येत नसेल, पण दिवेलागणीला ती टीव्ही बंद करून ‘दप्तर काढ’ म्हणते. ‘तुम्ही गृहपाठ समजावून सांगता का?’ याला तिचं उत्तर ‘नाही’. तुमच्या तक्त्यात शून्य पडतं आणि अहवालात ‘पालकांची उदासीनता’ असं वाक्य येतं. खरं तर याच मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये इतर प्रकारांपेक्षा भक्कम संबंध दिसला तो अभ्यासाचे नियम लावण्याचा. आजी दुसरं काय करते?

कार्यकारणभाव बघायचा असेल तर रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांचा २०१७ चा पेपर घ्या. बिहार आणि राजस्थानात यादृच्छिक निवडीनं काही आयांना साक्षरता वर्ग दिले, काहींना घरी मुलांचा अभ्यास कसा घ्यायचा याचं प्रशिक्षण, तर काहींना दोन्ही. तिन्ही गटांत मुलांचे गणिताचे गुण वाढले, पण थोडेच. सारांश लिहिताना हे ‘थोडेच’ गाळू नका. शिवाय इथं सगळी भिस्त आईवर आहे. ती चार-पाच महिने उसाच्या फडात असेल तर काय, याचं उत्तर या रचनेतून मिळत नाही.

म्हणून प्रश्नावली बनवताना पहिला प्रश्न हा ठेवा: संध्याकाळी मुलाजवळ घरात कोण असतं? ‘मदत करता का’ हे त्यानंतर, आणि त्याच माणसाला विचारा.