मुरुडशेंग आणि एक 'म्हणून': रूपावरून काम ओळखण्याची सवय



आज एका वाक्याची चिरफाड करायची आहे. वाक्य माझंच आहे, पीएचडीच्या पहिल्या सिनॉप्सिसमधलं:

"मुरुडशेंगेची फुले लाल, नळीसारखी व मधुरसाने भरलेली असल्यामुळे त्यांचे परागीभवन पक्ष्यांमार्फत होते, तसेच तिच्या फळांचा पोटातील मुरड्यावर पारंपरिक औषध म्हणून उपयोग होतो."

वाचताना काही खटकलं का? मलाही खटकलं नव्हतं. समितीतल्या एका सरांनी मात्र दोनच प्रश्न विचारले. "यातलं 'असल्यामुळे' कुठून आणलं? आणि 'उपयोग होतो' म्हणजे लोक वापरतात, की गुण येतो?" माझ्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. तो डिसेंबर होता. फुलांचा हंगाम संपून झुडपांवर शेंगा लटकत होत्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पुढच्या पावसाळ्याची वाट बघावी लागली. फेलोशिप मोजून मिळते, त्यात एक हंगाम हातचा जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला लवकरच कळेल. तुमचा तरी जाऊ नये, म्हणून हा लेख.

आधी वनस्पतीची ओळख करून घेऊ. मुरुडशेंग, काही भागांत केवण किंवा केवणी, शास्त्रीय नाव हेलिक्टेरिस आयसोरा. सह्याद्रीच्या उतारांवर, पानझडी जंगलांच्या कडेला सहज दिसणारं झुडूप. नावात शेंग असली तरी ही तुरी-वाटाण्याची नातेवाईक नाही. ती भेंडी-जास्वंदीच्या माल्व्हेसी कुळातली (जुन्या पुस्तकांत स्टरक्युलिएसी सापडेल, गोंधळू नका). पानं खरखरीत आणि दातेरी. सालीच्या वाखाचे दोर वळतात. फळ मात्र एकदा पाहिलं की विसरत नाही: पाच भाग एकमेकांभोवती दोरखंडासारखे पिळलेले. 'हेलिक्टेरिस' हे नावसुद्धा पिळाच्या ग्रीक शब्दावरूनच आलंय, आणि संस्कृतात तिला आवर्तनी म्हणतात. म्हणजे तीन भाषांमध्ये लोकांचं लक्ष एकाच गोष्टीकडे गेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फूलही तितकंच वेगळं. उमलतं तेव्हा विटकरी-लाल, नंतर शिशासारखं निळसर-करडं होत जातं. पुंकेसर आणि अंडाशय दोन्ही एका लांब, बाकदार दांड्याच्या टोकाशी, पाकळ्यांच्या बाहेर. या दांड्याला ॲन्ड्रोगायनोफोर म्हणतात, नेटच्या अभ्यासात भेटला असेल. मधुरस तळाशी. पक्ष्याने चोच आत घातली, की ते टोक त्याच्या डोक्याजवळच्या पिसांना लागावं अशी ही रचना दिसते. 'दिसते' हा शब्द मी मुद्दाम वापरलाय.

पहिला 'म्हणून': लाल, म्हणून पक्ष्याचं

फुलाच्या रूपावरून त्याचा परागवाहक ओळखता येतो, या कल्पनेला 'पॉलिनेशन सिंड्रोम' म्हणतात. लाल, बिनवासाचं, नळीसारखं, भरपूर पातळ मधुरसाचं फूल पक्ष्याचं. पांढरं, रात्री उमलणारं, सुगंधी फूल पतंगाचं. फिकट, उग्र वासाचं, मोठं फूल वटवाघळाचं. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या फेदेरिको देल्पिनो यांनी या वर्गीकरणाची पायाभरणी केली, आणि १९६६ साली आलेल्या फेग्री आणि व्हॅन डर पेल यांच्या पुस्तकाने ते जगभरच्या वर्गांत पोहोचवलं. आपल्या नोट्समधला तो सुबक तक्ता तिथूनच झिरपत आलाय.

तक्ता टाकाऊ नाही. त्यामागे कार्यकारण आहे: मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना दिसतो; आणि परागकण चांगले वाहून नेणाऱ्याला सोयीचं रूप पिढ्यान्पिढ्या निवडलं जाऊ शकतं. पण तक्ता किती वेळा बरोबर ठरतो? २००९ मध्ये जेफ ओलर्टन आणि सहकाऱ्यांनी तीन खंडांतल्या सहा ठिकाणच्या ४८२ वनस्पती घेऊन हे तपासलं. साधारण दोन तृतीयांश जातींचा सर्वांत जास्त आढळणारा परागवाहक तक्त्याच्या अंदाजाप्रमाणे निघाला नाही.

हा पेपर वाचून "सिंड्रोम संपलं" असं म्हणणारे मी पाहिलेत. घाई करू नका. त्यात 'सर्वांत जास्त आढळणारा' कोण हे पाहिलंय. 'सर्वांत उपयोगी' कोण, हा वेगळा प्रश्न आहे. २०१४ मध्ये रोसास-गेरेरो आणि सहकाऱ्यांनी ४१७ जातींचे प्रभावी परागवाहक पाहिले, तेव्हा सिंड्रोमला बराच आधार मिळाला, विशेषतः उष्ण प्रदेशातल्या आणि परागवाहकांवर जास्त अवलंबून असलेल्या वनस्पतींमध्ये. दोन्ही पेपर चांगले आहेत, दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. 'कोण येतं' आणि 'कोणामुळे फळ धरतं' यांत फरक न करणं, ही या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे.

मुरुडशेंगेकडे परत येऊ. व्ही. सन्तराम यांचा १९९६ चा 'करंट सायन्स'मधला निबंध या झुडपाला भेट देणाऱ्यांवर आहे, आणि त्याच्या शीर्षकातच पक्ष्यांबरोबर फुलपाखरंही आहेत. मी स्वतः झुडपासमोर बसले तेव्हा शिंजीर आले, बुलबुल आले. पण मधमाश्या, फुलपाखरं आणि मुंग्याही आल्या. एक शिंजीर तर फुलाच्या बाजूने चोच खुपसून मध पिऊन गेला, पुंकेसरांना शिवलाही नाही. पहिल्या दिवशीच्या वहीत मी त्याच्यासमोरही 'परागीभवन' अशी खूण केली होती. भेट होती, परागीभवन नव्हतं. मध-चोरी होती!

मग 'असल्यामुळे' सिद्ध कसं करायचं? न उमललेल्या कळ्यांना पिशवी बांधायची. उमलल्यावर एकाच पाहुण्याला एकदाच येऊ द्यायचं आणि कुक्षीवरचे परागकण मोजायचे. काही फांद्यांवर अशी जाळी लावायची, की कीटक आत जातील पण पक्षी नाही. काही फुलांवर पिशवी कायम ठेवायची: तिथेही फळ धरलं, तर फूल स्वतःचं स्वतः भागवू शकतं, आणि मग पक्ष्याची गरज किती हा प्रश्न नव्याने उभा राहतो. काही फुलांना हाताने पराग लावायचे. शेवटी सगळीकडची फळधारणा शेजारी ठेवायची. काम कंटाळवाणं आहे, पण त्यानंतरच तो 'म्हणून' तुमचा होतो.

दुसरा 'म्हणून': पिळाची, म्हणून पोटातल्या पिळावर

आता वाक्याचा दुसरा अर्धा भाग. मराठी घरात मुरुडशेंग जंगलाआधी बाळघुटीत भेटते. माझ्या आजीच्या डब्यात वेखंड, अतिविष, ज्येष्ठमध, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा आणि मुरुडशेंग असायची. सहाणेवर कशाचे किती वेढे द्यायचे, हे तिला तोंडपाठ. मुरुडशेंग कशासाठी, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अगं, पोटात पिळ पडतो ना, म्हणून ही पिळाची."

वनस्पतीचं रूपच तिचं औषधी काम सांगतं, ही कल्पना फक्त आजीची नाही. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्ससच्या नावाशी ती जोडली गेली. इंग्रजीत तिला 'डॉक्ट्रिन ऑफ सिग्नेचर्स' म्हणतात, आपण खुणेचा सिद्धांत म्हणू. वनस्पतीविषयक लेखांत दोन टोकं दिसतात. एक, "आपल्या पूर्वजांनी निसर्गाची खूण ओळखली". दुसरं, "ही निव्वळ अंधश्रद्धा". दोन्ही लेखक आजीला नीट ऐकत नाहीत, असं मला वाटतं.

ब्रॅडली बेनेट यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक बॉटनी'त मांडलेला मुद्दा इथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते औषधी वनस्पती खुणेवरून सापडल्या, याला पुरावा नाही. खूण बहुधा उपयोग माहीत झाल्यानंतर जोडली जाते, आणि तिचं काम आहे ज्ञान लक्षात ठेवणं आणि पुढे पोहोचवणं. आजीचा डबा आठवला की हे पटतं. वेखंड, अतिविष, ज्येष्ठमध हे सगळे वाळलेल्या मुळ्या-खोडांचे तपकिरी तुकडे, नवख्याला एकसारखेच. मुरुडशेंग मात्र अंधारातही हाताला कळते, आणि नावातच 'मुरडा' ऐकू येतो. लिहून न ठेवणाऱ्या घरासाठी ही उत्तम चिठ्ठी आहे.

पण चिठ्ठी म्हणजे पुरावा नव्हे. आढावा-लेख इथेच घसरतात. 'पारंपरिक उपयोग' या मथळ्याखाली मुरडा, अतिसार, मधुमेह, जखमा अशी यादी येते. प्रत्येक लेख आधीच्या लेखाचा दाखला देतो. कोणी सांगितलं, कोणत्या गावात, फळ की मूळ की साल, कसं तयार केलं, किती दिलं, काहीच नाही. दहा लेखांत तेच छापलं म्हणून दहा पुरावे होत नाहीत. मधुमेही उंदरांना अर्क दिल्याचे किंवा फळाच्या अर्काचा आकडी कमी करणारा गुण तपासल्याचे प्रयोग झालेत, आणि ते पुढे नेण्यासारखे आहेत. पण प्रयोगशाळेतला अर्क आणि सहाणेवरचे दोन वेढे यांचं प्रमाण एक नसतं, आणि उंदीर म्हणजे बाळ नव्हे. हा शब्दांचा खेळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं अशी आहे. आपल्या लेखातलं 'पोटदुखीवर गुणकारी' हे वाक्य एखादी नवी आई मोबाईलवर वाचू शकते, हे ध्यानात ठेवून लिहा.

मग दोन्ही सारखेच का?

नाही. रचना सारखी आहे: रूप पाहिलं, काम सांगितलं. दोन्ही लक्षात ठेवायला सोपे. परीक्षेचा तो तक्ता हीसुद्धा आपल्या पिढीची बाळघुटीच्या डब्यातली चिठ्ठीच. पण एक मोठा फरक आहे. सिंड्रोम चुकू शकतं. लाल फुलावर जाळी लावली आणि पक्ष्यांविनाही तितकीच फळं धरली, तर अंदाज पडला. खुणेचा सिद्धांत कधी पडतच नाही. पिळाची शेंग पोटावर नाही चालली, तर दोर, साप, केस, काहीही पिळदार शोधून नवी खूण जोडता येते. जे कधीच चुकू शकत नाही, त्याच्यावर सिनॉप्सिस उभा करू नका. मात्र मुरड्यावरचा उपयोग खरा असू शकतो, खूण खोटी असली तरी. खूण नाकारली म्हणजे औषध नाकारलं असं होत नाही. त्या उपयोगाला स्वतःची परीक्षा द्यावी लागेल, एवढंच.

माझं वाक्य आता असं आहे: "मुरुडशेंगेच्या फुलांची रचना पक्ष्यांकडून परागीभवन होत असल्याचे सुचवते, फुलांना पक्षी व कीटक दोन्ही भेट देतात, फळधारणेतील त्यांचा वाटा या अभ्यासात जाळी व पिशवीच्या प्रयोगांनी तपासला जाईल. फळांचा मुरड्यावरील घरगुती वापर नोंदवलेला असून त्याची परिणामकारकता हा या अभ्यासाचा विषय नाही." लांबलंय, चमक गेलीये. पण सरांनी पुन्हा तेच दोन प्रश्न विचारले, तर आता मी उत्तर देऊ शकते.

आज एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसची प्रिंट काढा, लाल पेन घ्या, आणि प्रत्येक 'म्हणून', 'त्यामुळे', 'असल्यामुळे'खाली रेघ मारा. प्रत्येकाजवळ लिहा: पाहिलं, मोजलं, वाचलं, की नुसतं शोभतंय? शेवटच्या रकान्यात जितकी वाक्यं जातील, तितकं तुमचं पहिल्या वर्षाचं काम. आणि ते फुलांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी करा.