लव्हाळ्याचा दिवा

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातले सेल्बर्न हे लहानसे खेडे एका पुस्तकामुळे जगाला ठाऊक झाले. गिल्बर्ट व्हाइट (१७२०-१७९३) या गावात जन्मले, इथल्याच चर्चमध्ये त्यांनी दुय्यम पाद्री म्हणून काम केले आणि त्यांची कबरही इथेच आहे. १७८९ चा त्यांचा ‘नॅचरल हिस्टरी ऑफ सेल्बर्न’ हा ग्रंथ म्हणजे दोन अभ्यासू गृहस्थांना लिहिलेली पत्रे.

पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती आणि शिवार, एवढेच या ग्रंथाचे जग. पण ते किती बारकाईने पाहिलेले! गावात दरवर्षी पाकोळ्यांच्या आठच जोड्या येतात, हे व्हाइट मोजतात. मग वाढलेली पिल्ले जातात कुठे, या प्रश्नाने बेचैन होतात. गांडुळांवाचून जमीन नापीक होईल, हेही त्यांनी ओळखले. निसर्गप्रेमी हा ग्रंथ डोक्यावर घेतात ते योग्यच आहे. परंतु याच पॅरिशमधल्या ज्या ६७६ माणसांची मोजदाद व्हाइट देतात, ती माणसे त्यांना कशी दिसली?

त्यासाठी १७७५ च्या नोव्हेंबरमधले पत्र वाचावे. लव्हाळे सोलायचे, वाळवायचे, चरबीत बुडवायचे की गरिबाघरचा दिवा तयार. एका फार्दिंगमध्ये, म्हणजे पाव पेनीत, साडेपाच तास उजेड! हिशेब चोख आहे, त्यामागे कळकळही आहे. पण पुढे ते लिहितात की, अगदी गरीब लोक रोज संध्याकाळी अर्ध्या पेनीची मेणबत्ती आणतात आणि अकरा तासांऐवजी दोनच तासांचा उजेड मिळवतात. त्यांना काटकसर कळत नाही, म्हणून ते गरीबच राहतात.

इथे व्हाइट यांची नजर अडते. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे पौंडभर लव्हाळे आणि लागणारी चरबी विकत घ्यायची तर एकदम तीन शिलिंग हवेत. कष्टाळू मजुराची बायको मांस शिजताना वर आलेली चरबी साठवते, असे ते कौतुकाने सांगतात; पण ज्या चुलीवर मांसच चढत नाही, तिथे चरबी येणार कुठून? रोजचे तेल रोज सुटे आणणाऱ्या घराला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. पाकोळीबाबत ‘असे का?’ म्हणून वर्षानुवर्षे विचारणारा हा माणूस मेणबत्ती आणणाऱ्या बाईला तो प्रश्न एकदाही विचारत नाही.

व्हाइट यांच्यानंतर ३७ वर्षांनी, नोव्हेंबर १८३० मध्ये, सेल्बर्नच्या मजुरांनी गावातल्या वर्कहाउसवर, म्हणजे निराधारांना ठेवण्याच्या इमारतीवर, चाल केली. तत्कालीन पाद्र्याला चर्चचा दशांश कमी करायला भाग पाडले. ही माणसे ग्रंथातल्या ६७६ जणांचीच लेकरे-नातवंडे.

यामुळे ग्रंथ लहान ठरत नाही. उलट, व्हाइट यांनी आकडे प्रामाणिकपणे दिले म्हणूनच आज आपण त्यांची चूक त्यांच्याच हिशेबातून दाखवू शकतो. गावावर लिहिणाऱ्याने एवढे प्रामाणिक असावे. आणि त्याहून एक पाऊल पुढे, त्या दारात जाऊन विचारावे.